काजू कारखान्याच्या दारांना बोटांच्या ठशांची यंत्रे बसवताना चालू करण्यापूर्वी काय तपासावे?

वेंगुर्ल्याजवळच्या आपल्या काजू कारखान्यात कार्यालय आणि गोदाम अशा दोन दारांना बोटाच्या ठशावर उघडणारी, नेटवर्कने जोडलेली यंत्रे बसवायची आहेत. वायरमन दोन तासांत चालू करून देतो म्हणतो, तर त्याआधी काय पाहून घ्यावे, असे आपण विचारले आहे. मी रत्नागिरी-सिंधुदुर्गात हीच कामे करतो, म्हणून इकडची हवा आणि इकडची वीज धरूनच लिहितो.

यंत्र कोणत्या कंपनीचे घ्यावे, यापेक्षा वीज गेल्यावर दाराचे काय होणार, हे आधी ठरवा. चुंबकीय कुलूप, ज्याला सगळे ईएम लॉक म्हणतात, ते विजेवरच धरून राहते आणि वीज गेली की दार मोकळे होते. माणसे ज्या दारातून बाहेर पडतात तेथे हेच योग्य. आतल्या बाजूस बाहेर पडण्याचे बटण असतेच, पण त्याखेरीज आणीबाणीचे एक बटण कुलपाला वीज नेणाऱ्या तारेतच घालावे, म्हणजे यंत्र अडकून पडले तरी ते दाबताच कुलपाची वीज तुटते आणि दार सुटते. पुष्कळ ठिकाणी हे बटण नुसते यंत्राला जोडून ठेवलेले आढळते. ते कृपया चालवून घेऊ नका. काजूच्या टरफलात तेल असते, ते पेटले की आग लवकर आटोक्यात येत नाही, आणि त्या क्षणी यंत्राच्या परवानगीची वाट पाहणे कोणालाही परवडणारे नाही.

वीज गेल्यावर गोदाम उघडे पडू नये म्हणून बॅटरीचा पुरवठा लागतो. २८० किलो ताकदीचे कुलूप १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर घेते, त्यामुळे ७ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी काही तास तग धरते. पावसाळ्यात तारेवर झाड पडून दोन-दोन दिवस अंधार असतो, तेव्हा ती पुरणार नाही. त्यासाठी सगळे बाहेर पडल्यावर लावायचे साधे किल्लीचे कुलूप दारावर राहू द्यावे.

स्वस्त यंत्रात दार सोडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, यंत्राच्याच पोटात असतो आणि यंत्र असते दाराबाहेर. चार स्क्रू काढून ते भिंतीपासून ओढले की मागच्या तारा हाती लागतात आणि ठसा न देताच दार उघडता येते. म्हणून गोदामासाठी तरी बाहेर फक्त ठसा वाचणारा भाग आणि दार सोडायचे की नाही हे ठरवणारा कंट्रोलर आत, अशीच रचना मागा. थोडे पैसे जास्त जातील, ते जाऊ द्यावेत.

जोडणी पूर्ण होईपर्यंत अ‍ॅडॅप्टर सॉकेटमध्ये जाता कामा नये. कुलपाला आणि यंत्राला पुरवठा वेगवेगळा असावा, कारण कुलपाची वीज तुटताना त्याच्या वेटोळ्यातून उलटा झटका येतो आणि त्याने रिले किंवा यंत्राचे सर्किट जाते. हा झटका जिरवण्यासाठी कुलपाच्या दोन टोकांवर १एन४००७ हा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, लावतात. त्याच्या अंगावरचा चंदेरी पट्टा धन टोकाकडे हवा. तो उलटा लागला तर वीज देताच शॉर्ट होते, म्हणून पट्टा स्वतः पाहावा. मग मल्टिमीटरने व्होल्टेज आणि धन-ऋण तपासून प्रथम एकटे यंत्र चालू करावे, आणि ते नीट चालल्यावरच कुलूप जोडावे.

नवीन यंत्रात व्यवस्थापक नोंदलेला नसतो आणि तोवर त्याचा मेनू कोणालाही उघडतो. म्हणून कामगारांचे ठसे घेण्याआधी आपला आणि विश्वासातल्या आणखी एका माणसाचा ठसा व्यवस्थापक म्हणून नोंदवावा आणि मूळ पासवर्ड बदलावा. बाजारातली बरीच यंत्रे १९२.१६८.१.२०१ हाच नेटवर्कवरचा पत्ता घेऊन येतात. दोन्ही एकदम नेटवर्कला लावली तर त्यांचे पत्ते एकमेकांशी भांडतात, तेव्हा एकेक लावून पत्ता बदलत जावे. घरून हजेरी पाहता यावी म्हणून कोणी राउटरमध्ये ४३७० हे पोर्ट, म्हणजे यंत्राशी नेटवर्कवरून बोलण्याची वाट, बाहेरच्या जगाला उघडून देऊ लागला, तर स्पष्ट नकार द्यावा.

आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि वर खारी हवा, त्यामुळे नेटवर्कच्या जोडाचे तांबे हिरवे पडते. यंत्र पागोळ्यांपासून आणि उन्हापासून दूर बसवावे, केबलला खाली झोल देऊन मगच ती भिंतीत घ्यावी आणि भोक सिलिकॉनने बंद करावे. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल ओढू नका. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा दोन्ही टोकांची यंत्रे एकदम जातात. तेथे ऑप्टिकल फायबर घाला आणि यंत्रांना अर्थिंग द्या.

राहिले कामगारांचे हात. बिया फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची साल टरफलाच्या तेलाने जाते, त्या हाताला तेल किंवा राख लावून बसतात, आणि त्यांचे ठसे सकाळी उमटले तरी संध्याकाळी उमटतीलच असे नाही. त्यांना पुन्हा पुन्हा बोट दाबायला लावून रांगेत उभे करू नये. दोन्ही हातांची मिळून किमान दोन बोटे नोंदवावी आणि प्रत्येकीला कार्डही द्यावे. ठसे कशासाठी घेतो हे आधी सांगून संमती घ्यावी, आणि कामावरून गेलेल्या व्यक्तीची नोंद यंत्रातून आणि संगणकातून, दोन्हीकडून पुसावी.