टॉमबॉयला ‘पुरुषी मुलगी’ म्हणावं का?

तुम्ही विचारलंय की, 1950-60 च्या दशकांतल्या अमेरिकी कौटुंबिक मालिकांवर मराठीत लिहिताना ‘टॉमबॉय’ला, म्हणजे मुलग्यांसारखं वागणाऱ्या-खेळणाऱ्या मुलीला, ‘पुरुषी मुलगी’ म्हटलं तर चालेल का. मी म्हणेन, नको. ‘पुरुषी’ आपण मोठ्या बाईच्या आवाजाला, चालीला म्हणतो, आणि बहुतेकदा नावं ठेवायलाच. मालिकांतली टॉमबॉय म्हणजे दहा-बारा वर्षांची पोर. घरचे तिला रागावतात, पण तिचं कौतुकही करतात.

‘धसमुसळी’, ‘दांडगट’, ‘आडदांड’ हे जवळचे शब्द, पण ते स्वभाव सांगतात. धसमुसळी बाई चाळिशीतही धसमुसळी असू शकते. टॉमबॉयपणाला मात्र या मालिकांत मुदत असते. गंमत म्हणजे सोळाव्या शतकात इंग्रजीत हा शब्द आधी दांडगट मुलग्यांसाठी होता, मुलींना तो नंतर चिकटला.

‘फादर नोज बेस्ट’ (1954 ते 1960) मधली धाकटी कॅथी घ्या. तिच्यावरच्या एका भागाचं नावच ‘कॅथी बिकम्स अ गर्ल’ आहे. ‘कॅथी मुलगी होते’ असं शब्दशः केलं तर वाचक बुचकळ्यात पडेल, कारण ती जन्मापासून मुलगीच आहे. पण मालिकेला तेच म्हणायचंय: मुलगी ‘होणं’ ही शिकायची गोष्ट आहे, आणि ते शिकवायला अख्खं घर कंबर कसतं.

इथे ‘कॅथी वयात येते’ लिहायचा मोह होईल, तो टाळा. ‘वयात येणं’, ‘शहाणी होणं’, ‘न्हाण येणं’ हे आपले शब्द थेट पाळीकडे बोट दाखवतात, आणि त्या काळच्या या मालिकांत पाळीचा उच्चारही नसे. 1952 मध्ये ‘आय लव्ह लूसी’ची नायिका पडद्यावर गरोदर होती, तरी ती मालिका दाखवणाऱ्या सीबीएस वाहिनीने ‘प्रेग्नंट’ हा शब्द वापरू दिला नाही. शरीराबद्दल बोलायची सोय नाही म्हटल्यावर सगळा भार कपड्यांवर, केसांवर आणि चालण्या-बोलण्यावर पडला. म्हणून मला ‘कॅथी मुलींत जमा होते’ हे आवडतं. ‘म्हाताऱ्यांत जमा’ म्हणताना माणसाची रवानगी दुसऱ्या गटात झाल्याचा जो भाव येतो, तोच इथे हवा.

त्याच मालिकेत कॅथीच्या थोरल्या बहिणीवर 1956 चा ‘बेट्टी, गर्ल इंजिनिअर’ हा भाग आहे. मुलगी आहे हे कळू नये म्हणून नावाची आद्याक्षरं तेवढी लावून ती जमीन मोजणाऱ्या तुकडीत काम मिळवते. तिथला तरुण तिची टर उडवतो, पण शेवटी तोच चॉकलेटं घेऊन घरी येतो आणि ती नवा ड्रेस घालून त्याच्यासमोर येते. मला हा शेवट आजही सलतो, कारण त्याआधी तिची हुशारी आणि हौस इतकी खरी वाटते! बेट्टी मोठी आहे, तिला टॉमबॉय म्हणता येणार नाही; पण मुदत संपल्यावर काय होतं ते इथे स्वच्छ दिसतं. (नाव ‘बेट्टी’ असंच लिहा. ‘बेटी’ लिहिलंत तर तो हिंदी शब्द वाटेल.)

तेव्हा ‘टॉमबॉय’ तसाच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे ‘मुलग्यांत खेळणारी, अजून मुलींत जमा न झालेली’ एवढं सांगा, पुढे नुसता शब्द पुरेल. मुलीसारखं वागणाऱ्या मुलग्याला हिणवायला येणाऱ्या ‘सिसी’ला मात्र ‘बायल्या’ बिनदिक्कत वापरा. दोन्हींतला डंख सारखाच आहे.