भर उन्हात दगडाला चिकटलेले खाडीतले शंख शिजत कसे नाहीत?

तुम्ही विचारलंय की नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या खाडीकाठी दुपारी दगडांना आणि तिवरांना चिकटलेले बारके शंख मेलेले असतात का, आणि जिवंत असतील तर एवढ्या उन्हात टिकतात कसे. मी ऐरोलीत राहतो, ओहोटी बघून खाडीकडे चक्कर मारायची सवय आहे. त्यातले बरेचसे जिवंतच असतात.

शंखातल्या गोगलगाईला अंगाचं तापमान कायम ठेवता येत नाही. दगड तापला की तीही तापते. तिच्या हातात (हात नसले तरी) एवढंच, की बसायचं कुठे आणि चिकटायचं कसं. आणि हे दगड ओला असतानाच ठरवावं लागतं. ओहोटी लागल्यावर ती शेवाळ खरवडत फिरते, पण दगड सुकायच्या आत फट किंवा सावलीची बाजू गाठते. उशीर झाला तर पंचाईत. चालायचं म्हणजे ओला पाय पूर्ण पसरायचा, म्हणजे दगडाची धग थेट अंगात आणि अंगातलं पाणी बाहेर. मे महिन्यात दुपारी गच्चीवर अनवाणी जाऊन बघा, कळेल.

दुपारचा एखादा शंख अगदी जवळून पाहा. पाय आत ओढलेला, तोंडावर झाकण घट्ट बसलेलं. दगडाला टेकलेली असते फक्त तोंडाची कड, तीही वाळलेल्या चिकट स्रावाच्या पातळ पापुद्र्याने. दगडाशी संबंध जितका कमी, तितकी उष्णता कमी. हाँगकाँगच्या खडकांवर, जिथे दगड पन्नास अंशांच्या वर जातो, तिथले एकायनोलिटोरिना नावाचे शंख याच कडेवर चक्क उभे राहतात. काही तर एकमेकांच्या पाठीवर चढून मनोरे रचतात. वरच्याचा दगडाशी संबंधच तुटतो. खालच्याचं काय, हा प्रश्न मलाही पडतो.

आपल्या तिवरांवरचे लिटोरारिया नावाचे शंख जरा सुखी. भरती चढायला लागली की तेही खोडावरून वर सरकतात, पानांच्या सावलीत वारा खात बसतात.

घाम गाळल्यासारखं पाणी उडवून थंड का होत नाहीत? काही खडकशिंपले (टोपीसारखं कवच असलेले, इंग्रजीत लिंपेट) ते कवच किंचित उचलून तसं करतातही. पण उंचावरच्या शंखाला ते परवडत नाही. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, पाणी तिथवर पोचतच नाही, म्हणून आतलं पाणी दिवसचे दिवस पुरवायचं असतं. हलायचं नाही, खायचं नाही, काही जाती तर अंगातली कामंही मंद करतात. पावसाची सर आली की हेच शंख फिरताना दिसतील.

थंड समुद्रांत उलट त्रास असतो. युरोपातले काही शंख हिवाळ्यात किनाऱ्यावरून खाली, पाण्याकडे उतरतात.

एक विनंती: जिवंत आहे का बघायला दुपारी उपटू नका. पापुद्रा तुटला की परत चिकटायला त्याला ओलावा लागतो, आणि तो तेव्हा नसतो. सकाळच्या ओहोटीला जा, चालतानाच सापडतील.