श्रीलंका 2022 ला फक्त सेंद्रिय शेतीच्या नादानं बुडाली का?
नाही, मूळ दुखणं डॉलरच्या टंचाईचं होतं, खतबंदीनं ते वाढवलं. 2019 ला व्हॅट 15 वरनं 8 टक्क्यांवर आणला, सरकारची कमाई आटली, त्यात कोविडनं पर्यटक बंद आणि परदेशी कर्जाचे हप्ते काय थांबत नाहीत, शेवटी एप्रिल 2022 ला हात वर केले. रासायनिक खताची आयात 2021 च्या मे मध्ये बंद केली, नोव्हेंबरात बंदी उठवली पण तोवर महा हंगामाचा (तिथला भाताचा मुख्य हंगाम) भात पेरून झालेला, पीक घटलं, मग तांदूळ आणायलाही परत डॉलरच. मी सांगलीत अर्थशास्त्र शिकवतो, हा प्रश्न ऊसवाल्यांची पोरंच जास्त विचारतात (युरिया चुकला की ऊस कसा पिवळा पडतो ते बांधावरनं बघितलेलं असतंय). फक्त खतबंदीमागं डॉलर वाचवायचंही गणित होतं, त्यामुळं दोन्ही कारणं पार वेगळी काढता येत नाहीत.