शब्बाथ, सुट्टी आणि शनवारचा घाणा

प्रश्न असा आला आहे : ‘ज्यू लोकांच्या सॅबथला मराठीत काय म्हणावे? साप्ताहिक सुट्टी, विश्रांतिवार की सॅबथच? आणि तो साजरा करतात की पाळतात?’

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. शब्बाथ म्हणा. मराठी बायबलात तोच शब्द आहे, आणि वाचणाऱ्याला तो परका वाटत नाही. ‘सॅबथ’ आपल्याकडे इंग्रजीतून आला, इंग्रजीत लॅटिनमधून आणि लॅटिनमध्ये ग्रीकमधून. ग्रीकांना ‘श’ उच्चारता येत नव्हता, म्हणून त्यांनी ‘स’ केला. आपल्याकडे शेंगदाण्यापासून शहाळ्यापर्यंत खणखणीत ‘श’ असताना ग्रीकांची अडचण आपण का मिरवायची?

आता ‘सुट्टी’. ‘इस्रायलमध्ये शनिवारी सुट्टी असल्यामुळे बससेवा बंद’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकताच कान दुखतात. एक तर शब्बाथ शनिवारी सुरूच होत नाही. तो शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की संपतो. दुसरे म्हणजे सुट्टी कोणीतरी देतो : मालक देतो, सरकार देते, शाळा देते. आपण फक्त सुटतो. शब्बाथमध्ये सुटण्याचा भावच नाही. त्या हिब्रू धातूचा अर्थ आहे थांबणे, बंद करणे. विश्रांतीसाठी हिब्रूत वेगळा धातू आहे, त्यापासून ‘मेनुखा’ हा शब्द होतो. म्हणजे ‘विश्रांतिवार’ही फार जवळ जात नाही. आजच्या हिब्रूत याच शब्बाथच्या धातूपासून ‘श्विता’ हा शब्द झाला आहे, आणि श्विता म्हणजे संप! गिरणगावात वाढलेल्या माणसाला शब्बाथ समजावायचा तर सुट्टीपेक्षा संपाचे उदाहरण जास्त कामाला येईल. हात दमले म्हणून थांबायचे नाही, थांबायचे ठरवले आहे म्हणून थांबायचे.

या शब्दावर मराठीत ज्या व्युत्पत्त्या चालवल्या जातात त्या आटोपून टाकतो. ‘शब्बाथ म्हणजे सातवा, आपले सप्त तेच’ ही सगळ्यांत लाडकी. हिब्रूत सात म्हणजे ‘शेवा’. त्याच्या शेवटी ‘आयिन’ हे अक्षर आहे, शब्बाथच्या शेवटी ‘ताव’. कानाला जवळचे वाटणारे शब्द नात्यातले असतातच असे नाही. दुसरी व्युत्पत्ती विद्वानांची : बाबिलोनमध्ये पौर्णिमेच्या दिवसाला ‘शपत्तु’ म्हणत आणि शब्बाथ तिथूनच आला, असे काही अभ्यासक ठामपणे लिहितात. आवाज जुळतो, मान्य. पण शपत्तु चंद्राच्या तालावर महिन्यातून एकदा येणार आणि शब्बाथला चंद्राची कलाही विचारायची नाही, दर सातव्या दिवशी हजर! निव्वळ आवाजावरून एवढी उडी मारणाऱ्यांनी निदान पंचांग तरी पाहावे.

तिसरी व्युत्पत्ती आपल्या घरची : शब्बाथ हा ‘शनि’वरून आला म्हणे. नाही. पण इथे एक खरी गंमत आहे. आपण वाराला ग्रहाचे नाव देतो : शनीचा वार तो शनिवार. हिब्रूत नेमके उलटे झाले. शनी या ग्रहाचे हिब्रू नाव ‘शब्ताई’, म्हणजे शब्बाथचा. वारावरून ग्रहाला नाव! आणि आपला शनी तो ‘शनैश्चर’, सावकाश चालणारा. एकीकडे रेंगाळणारा ग्रह, दुसरीकडे थांबण्याचा वार. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, आणि म्हणूनच हा योग मला इतका आवडतो.

‘शब्बाथला काम करायचे नाही’ यातला ‘काम’ शब्दही असाच फसवा आहे. बायबलात मनाई आहे ती ‘मेलाखा’ची. कष्टासाठी हिब्रूत ‘अवोदा’ हा वेगळा शब्द आहे. ‘मेलाखा’ आणि देवदूत या अर्थाचा ‘मलाख’ हे एकाच धातूचे, आणि त्या धातूचा अर्थ कामगिरीवर धाडणे. म्हणून मेलाखा म्हणजे घाम गाळणे नव्हे, जगात काहीतरी घडवून आणणारी कामगिरी. घरातल्या घरात जड टेबल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढायला धर्मशास्त्राची हरकत नाही. पण सार्वजनिक रस्त्यावर खिशात रुमाल घालून चालणे मना! दिव्याचे बटण दाबायला किती श्रम लागतात? तरी दाबायचे नाही, कारण प्रश्न श्रमांचा नाहीच. म्हणूनच इस्रायलमध्ये बऱ्याच ठिकाणी शब्बाथची लिफ्ट असते. ती दर मजल्यावर आपोआप थांबते, कोणाला बटण दाबावे लागत नाही. जेवण शुक्रवारीच मंद आचेवर चढवून ठेवतात. जिवावर बेतले तर मात्र हे सगळे नियम बाजूला राहतात, त्यात शंका नाही.

या कामगिऱ्यांची यादी मिश्नामध्ये, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात आहे आणि तिथे तिची संख्या दिली आहे ती ‘चाळीस, एक कमी’ अशी. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. आपले ३९ काय आहे? एक, ऊन, चाळीस : एकोणचाळीस! गालिल प्रांतातले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, दुसऱ्या-तिसऱ्या शतकात जी संख्या तीन शब्दांत सांगत होते, ती आपली पोरे पाढ्यात एका शब्दात म्हणतात. (‘तीस नऊ’ म्हणायला शिकलेल्या पोरांना हा आनंद मिळणार नाही, त्याला माझा इलाज नाही.)

त्या यादीत नांगरणी आहे, पेरणी, कापणी, मळणी, दळणे, मळणे, भाजणे आहे. आणि इथून आपण कोकणात उतरतो.

रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायलांना, म्हणजे पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर अशी गावांवरून आडनावे लावणाऱ्या मराठी ज्यूंना, गाववाले ‘शनवार तेली’ म्हणत. धंदा तेल गाळण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून. आसपासचे हिंदू तेली शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवत, ते सोमवार तेली. इथवर सगळ्यांना माहीत आहे. एका व्याख्यानात मात्र मी ऐकले की हे नाव ‘शनिवारी तेल विकत घेऊ नये’ या समजुतीवरून पडले. महाराज, ती समजूत तर गिऱ्हाइकाची! तिच्यावरून नाव पडायचे तर गावातला प्रत्येक तेली शनवार तेली झाला असता. सोमवार तेली कुठून आले असते?

आता माझा सिद्धान्त. पटला नाही तर सोडून द्या, मी तो सोडणार नाही.

पिळून रस किंवा तेल काढणे हे रब्बींनी त्या ३९ पैकी मळणीचे पोटकाम ठरवले आहे. दाणा भुसापासून वेगळा करणे आणि तेल बीपासून वेगळे करणे, तत्त्व एकच. म्हणजे तेल्याचा धंदाच मुळी यादीत बसतो. पण त्याच मिश्नात एक सवलत आहे : शुक्रवारी सूर्य असेपर्यंत जैतुनाच्या तेलाच्या दाबयंत्रावर तुळया लादून ठेवायला हरकत नाही. यात हिल्लेल आणि शम्माय या दोन गुरूंचे, एरवी प्रत्येक बाबतीत भांडणारे दोन्ही पंथ एकमताने हो म्हणतात. नंतर रात्रभर तेल आपल्या आपण ठिबकत राहते, माणूस काही करत नाही.

आता कोकणातला घाणा डोळ्यांसमोर आणा. तो ठिबकत नाही. तो फिरतो, आणि फिरतो तो बैलाच्या पायांनी. बैलाला तर दहा आज्ञांपैकी चौथ्या आज्ञेत नाव घेऊन कामातून सूट दिली आहे : बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात ‘तुझा बैल, तुझे गाढव’ असे स्पष्ट आहे. म्हणजे पॅलेस्टाइनमधला जैतुनाचा तेली शब्बाथ पाळूनही शनिवारी तेल मिळवू शकला असता, शेजाऱ्याला पत्ताही लागला नसता. कोकणातल्या तेल्याकडे ही पळवाट नव्हती. परंपरा सांगते की या लोकांकडे ग्रंथ उरले नव्हते, मिश्नाची यादी तर दूरच. पण बैल सोडला की घाण्याची करकर थांबणार, आणि ती करकर थांबली की सगळ्या वाडीला कळणार. हे नाव पडले ते त्या शांततेवरून. आणि शब्बाथचा धात्वर्थ काय सांगितला वर? थांबणे. हिब्रूचे एक अक्षर न येणाऱ्या कोकणातल्या शेजाऱ्यांनी त्या शब्दाचे आजवरचे सर्वांत अचूक भाषांतर केले आहे, आणि आपण वर्तमानपत्रात ‘सुट्टी’ लिहितो!

हो, साजरा की पाळणे हे राहिलेच. पाळणे. तोरात, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, दहा आज्ञा दोनदा येतात. एकदा शब्बाथची ‘आठवण ठेव’ म्हटले आहे, दुसऱ्यांदा ‘शामोर’, म्हणजे राख, सांभाळ. शब्बाथ पाळणाऱ्याला ‘शोमेर शब्बाथ’ म्हणतात, आणि शोमेर म्हणजे पहारेकरीसुद्धा. आपले ‘पाळणे’ही पाल् धातूचे, त्याचा अर्थ रक्षण करणे. गुरे पाळतात, शब्द पाळतात, वार पाळतात. माझ्या आजोळी सोमवार पाळत असत. सोमवार साजरा करताना मी तिथे कोणालाही पाहिले नाही.