मिरचीच्या लोणच्यावरची बुरशी आणि तेलातला ठेचा

प्रश्न : आषाढात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून अर्धा किलो हिरव्या मिरच्या आणून मी लोणचे घातले. घरात रक्तदाबाचा त्रास असल्याने मीठ निम्मेच घातले. पंधरा दिवसांत वर पांढरी बुरशी आली. ती काढून खालचे लोणचे खावे काय? तसेच लसूण-मिरचीचा ठेचा तेलात बुडवून ओट्यावर ठेवल्यास किती दिवस टिकेल?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ते लोणचे खाऊ नये, बरणीभर टाकून द्यावे. बुरशी वर दिसते तेवढीच नसते, तिचे तंतू डोळ्यांना न दिसता खाली उतरलेले असतात. निगुतीने घातलेले लोणचे टाकणे जिवावर येते हे खरे, पण येथे हळहळ बाजूला ठेवावी.

मूळ चूक मिठाची आहे. लोणच्यातले मीठ केवळ चवीपुरते नसून ते मिरचीतले पाणी ओढून घेते आणि बुरशीला वाढण्यास लागणारा ओलावा तिच्या हाती लागू देत नाही. 500 ग्रॅम मिरच्यांना 75 ते 80 ग्रॅम मीठ आणि पाऊण वाटी लिंबाचा रस हे प्रमाण मी सोडत नाही. ज्यांना मीठ वर्ज्य आहे त्यांच्यासाठी लोणच्यातले मीठ कमी करण्यापेक्षा पानातले लोणचे कमी करावे, किंवा कमी मिठाचे वाटीभर वेगळे कालवून फ्रिजमध्ये ठेवावे आणि चार दिवसांत संपवावे.

दुसरी गोष्ट पावसाळी दमट हवेची. मिरच्या देठांसकट धुवाव्यात, कारण देठ काढून धुतल्यास पाणी आत शिरते. मग पुसून रात्रभर सुती कापडावर पंख्याखाली पसराव्यात आणि पूर्ण कोरड्या झाल्यावरच देठ काढून चिराव्यात. बरणी आणि चमचाही तितकेच कोरडे हवेत.

तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करूनच घालावे, याचे कारण मोहरीत आहे. मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो; दाणा भरडला जाऊन त्याला ओल लागली की त्यातले एक विकर (एन्झाइम) काम करू लागते आणि तेव्हा तो निर्माण होतो. गरम तेल थेट मोहरीच्या डाळीवर ओतले की ते विकर निकामी होते आणि लोणचे मिळमिळीत लागते. आपल्याकडे मोहरी पाण्यात फेसण्याची जी रीत आहे, तिचे मर्मही हेच, आणि गाजर-फ्लॉवरच्या ताज्या लोणच्याला तर फेसलेल्या मोहरीवाचून गंमत नाही.

आता ठेचा. तो तेलात बुडवून ओट्यावर मुळीच ठेवू नये, एक दिवसही नाही. तेल जंतूंना मारत नाही, केवळ हवा अडवते. आणि लसणीसारख्या आंबटपणा नसलेल्या, मातीतून आलेल्या पदार्थाबरोबर बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू असतील, तर हवेवाचूनची ती जागा त्यांना सोयीचीच ठरते. त्यांचे विष वासावरून किंवा चवीवरून ओळखू येत नाही, म्हणून मी याबाबत इतक्या आग्रहाने लिहीत आहे. ठेचा तव्यावर मिरच्या-लसूण परतून, मीठ घालून, तांब्याच्या बुडाने तिथेच रगडून थोडाच करावा. उरलाच तर लिंबू पिळून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावा.

प्रश्न : मिरच्या चिरल्यावर हातांची आग पाण्याने जात नाही. काय करावे?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे असतो ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून आधी हातांना गोडेतेल चोळावे, मग साबणाने धुवावे. हा अंश बियांपेक्षा त्या ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात अधिक असतो. तो चमच्याच्या टोकाने खरवडून काढल्यास लोणचेही मुलांना झेपेल इतके सौम्य होते.