वाचक विचारतात : महाडला जायचं की महडला?

प्रश्न : मे महिन्यात सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा आहे. रेल्वेचं तिकीट 'सिंधुदुर्ग' स्टेशनचं काढलं तर चालेल ना? (डोंबिवली)

उत्तर : चालेल, पण उतरल्यावर किल्ला शोधू नका. 1 मे 1981 रोजी रत्नागिरी जिल्हा विभागला गेला, दक्षिणेकडच्या नव्या जिल्ह्याला किल्ल्याचं नाव मिळालं आणि तेच पुढे स्टेशनाला लागलं. स्टेशन ओरोसला, किल्ला मालवणच्या समुद्रात. मालवणला रेल्वेच नाही. तिकीट कुडाळचं काढलेलं बरं. तिथे गाड्या जास्त थांबतात आणि मालवणची एसटीही मिळते. किल्ल्याच्या होड्या मालवण जेटीवरून सुटतात, पावसाळ्यात त्या बंद असतात. तेव्हा बेत मेच्या अखेरीवर ढकलू नका. स्टेशनाच्या नावामागे 'रोड' असेल, जसं राजापूर रोड, सावंतवाडी रोड, तर गाव स्टेशनाला लागून नाही हे धरूनच चाला.

प्रश्न : अष्टविनायकातल्या महाडच्या गणपतीला निघालो, तर नकाशा आम्हाला थेट चवदार तळ्याकडे नेऊ लागला! (पुणे)

उत्तर : घोळ एका कान्याचा आहे. वरदविनायकाचं गाव 'महड', तालुका खालापूर, खोपोलीजवळ. चवदार तळ्याचं गाव 'महाड', सावित्रीकाठी. दोन्ही रायगड जिल्ह्यातच, म्हणून जिल्हा लिहून सुटका नाही. रोमन लिपीत दोन्हींचं स्पेलिंग एकच होतं आणि काना गळतो. नकाशात गावाऐवजी 'वरदविनायक मंदिर, खालापूर' असं शोधा. पुढे बल्लाळेश्वराला जाताना हीच काळजी घ्या. तुम्हाला हवी ती पाली सुधागड तालुक्यातली. हातखंब्याजवळची पाली रत्नागिरी जिल्ह्यात आहे.

प्रश्न : ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत 'फोर्ट व्हिक्टोरिया' आणि 'फोर्ट ऑगस्टस' ही नावं कोकणाच्या संदर्भात येतात. हे किल्ले नेमके कुठले? (रत्नागिरी)

उत्तर : फोर्ट व्हिक्टोरिया म्हणजे बाणकोट, आपला हिंमतगड. सावित्रीच्या मुखावर, मंडणगड तालुक्यात. कमोडोर जेम्सच्या मोहिमेत 1755 मध्ये तो इंग्रजांकडे गेला आणि पुढच्या वर्षीच्या पेशव्यांशी झालेल्या तहात त्यांच्याकडेच राहिला. हे नाव राणी व्हिक्टोरियाचं असं बरेच जण ठोकून देतात. राणीचा जन्म 1819 चा. किल्ल्याचं बारसं त्याच्या साठेक वर्षं आधी झालं होतं.

खरी अडचण पुढे आहे. इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर पोर्तुगीजांनी बांधलेला आणि पुढे डचांनी घेतलेला फोर्ट व्हिक्टोरिया होता आणि 1796 मध्ये तोही इंग्रजांच्या हाती आला. म्हणजे त्यानंतरच्या कागदात नुसतं नाव दिसलं की बाणकोट समजू नये. आजूबाजूचे शब्द वाचा : सुवर्णदुर्ग, दाभोळ, सावित्री असेल तर आपला, लवंग-जायफळाचा हिशेब असेल तर अंबोनचा. कॅनडातला फोर्ट व्हिक्टोरिया 1843 चा आणि झिंबाब्वेतला (आताचं मास्विंगो) 1890 चा. हे दोन्ही मात्र राणीच्याच नावाचे.

फोर्ट ऑगस्टस म्हणजे तर खुद्द सिंधुदुर्ग! 1765 मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि हे नाव ठेवलं. थोड्याच काळात किल्ला करवीरकरांना परत द्यावा लागला आणि नावही त्याबरोबर गेलं. स्कॉटलंडमध्ये लॉख नेस सरोवराच्या काठी याच नावाचं गाव आजही आहे. इंटरनेटवर शोधलंत तर तेच आधी पुढे येईल, म्हणून सोबत 'मालवण' जोडा. तसंच 'बेसीन' : 1802 चा तह वसईचा, पण ब्रह्मदेशातल्या पथेइनलाही इंग्रज बेसीनच म्हणत.

प्रश्न : जंजिरा एकच ना? (अलिबाग)

उत्तर : नाही. अरबीत 'जझीरा' म्हणजे बेट, त्यावरून जंजिरा. जुन्या कागदांत 'जंजिरे अर्नाळा', 'जंजिरे सिंधुदुर्ग' असंही सापडतं. अल्जीयर्स शहराच्या नावातही तोच शब्द आहे. यशवंतगडही दोन आहेत, एक रेडीचा आणि एक नाट्याचा. सर्जेकोटही दोन : अलिबागला कुलाब्याशेजारी एक, मालवणजवळ दुसरा.

प्रश्न : खेडला पाठवलेलं पार्सल पुणे जिल्ह्यात फिरून आलं. पत्ता कसा लिहावा? (चिपळूण)

उत्तर : पुणे जिल्ह्यातल्या खेड गावाला हुतात्म्याच्या नावावरून राजगुरुनगर म्हणतात, पण तालुका अजून खेडच. म्हणून 'ता. खेड' एवढ्याने काम भागत नाही. रत्नागिरीतल्या खेडचा पिन 415709, राजगुरुनगरचा 410505. पहिले तीन आकडे बरोबर आले म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण 415 सातारा जिल्ह्यालाही आहे. सहाही आकडे सुटे, ठळक लिहा आणि 'जि. रत्नागिरी' पूर्ण लिहा. मुरूडचंही तसंच : रायगडातलं 402401, लातूरचं 413510. दापोलीजवळचं तिसरं मुरूड लिहिताना 'ता. दापोली' विसरू नका.