दुपारच्या झोपेचा हिशेब

प्रश्न: माझा मुलगा नऊ महिन्यांचा आहे. आम्ही वाकडला राहतो. सव्वीस आठवड्यांची रजा संपल्यावर मी हिंजवडीतील कंपनीत पुन्हा रुजू झाले, त्याला आता तीन महिने होतील. तेव्हापासून तो रात्री चार-पाच वेळा उठतो, दूध प्यायल्याशिवाय झोपत नाही आणि पहाटे तीनच्या सुमारास तर तासभर खेळत बसतो. यजमान समजूतदार आहेत, आळीपाळीने उठतात. दिवसा सासूबाई गुडघे दुखत असूनही त्याला सांभाळतात आणि त्यांच्याकडे त्याचा काहीच त्रास नसतो. सकाळ-संध्याकाळ तासभर झोपतो आणि मधात जायफळाचे दोन वेढे दिले की दुपारी बारा ते चार गाढ झोपतो. मी काढून ठेवलेले दूधही पुष्कळदा उरते. मैत्रिणी म्हणतात, रात्री रडू द्यावे, चार दिवसांत सवय लागेल. सासूबाईंना ते ऐकवत नाही. झोप नसल्याने माझ्या कामात चुका होऊ लागल्या आहेत. मी काय करावे?

उत्तर: तुम्ही जवळजवळ सगळे पत्र रात्रीबद्दल लिहिले आहे आणि जायफळ अर्ध्या वाक्यात उरकले आहे. मला त्या अर्ध्या वाक्याबद्दलच बोलायचे आहे.

जायफळ आजच बंद करा. त्याबरोबर मधही बंद करा, कारण वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात मधातील जिवाणूंचे बीजाणू वाढून बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो, आणि म्हणूनच बालरोगतज्ज्ञ पहिला वाढदिवस होईपर्यंत मधाचे बोट चाटवू नका असे सांगतात. जायफळात मिरिस्टिसिन नावाचे द्रव्य असते. जास्त जायफळ पोटात गेले तर मोठ्या माणसांनाही गुंगी येते, छातीत धडधडते, भ्रम होतो. दोन वेढे हे मापच नव्हे. हात किती दाबून फिरला आणि सहाण किती खडबडीत आहे यावर रोजची मात्रा बदलते, आणि ती जाते एका नऊ महिन्यांच्या जिवाच्या पोटात. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हे देत आले आहेत, हे मला ठाऊक आहे. तरीही बाळाला रोज ठरल्या वेळी चार तास निपचित करणाऱ्या पदार्थाला मी घरगुती म्हणून सूट देणार नाही. आजवर काय आणि किती दिवस दिले, हे तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मूल कधी हलवूनही नीट जागे होत नसेल, अंग सैल पडले असेल किंवा श्वास मंद वाटत असेल, तर कोणाला विचारत न बसता थेट रुग्णालयात न्या.

आता तुमच्या रात्रीकडे येते. चार ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसाच्या डुलक्या धरून चोवीस तासांत १२ ते १६ तास झोप लागते. तुमचा मुलगा त्यांतले सहा तास दिवसाउजेडीच संपवतो. या वयात दिवसाच्या दोन डुलक्या, मिळून सुमारे तीन तासांच्या, सहसा पुरतात. पहाटे तीनला तो खेळतो, कारण त्याची झोप झालेली असते. शिवाय ज्या चार तासांत त्याने दूध प्यायला हवे, मऊ वरणभात किंवा नाचणीची खीर खायला हवी, ते तास गुंगीत जातात. बाटलीत उरलेले दूध तुम्ही पाहिलेत, पण तोच घास तो रात्री तुमच्याकडे मागतो, हे तुमच्या लक्षात आले नाही. दिवसभराची भूक घेऊन उठणाऱ्या मुलाला अंधारात रडू देण्याचा सल्ला मी देणार नाही, आणि तुमच्या सासूबाईंना तो ऐकवत नाही यात त्यांचे काही चुकत नाही.

परंतु एवढे वाचून तुम्ही घरातले जायफळ फेकून द्याल, सासूबाईंना चार शब्द सुनवाल आणि बाकी सगळे आहे तसेच ठेवाल, तर ते मला अजिबात मान्य नाही. नऊ महिन्यांचे मूल रांगते, धरून उभे राहते, जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालते. त्याच्यामागे सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुखऱ्या गुडघ्यांनी उठणे-बसणे म्हणजे काय, याचा विचार तुमच्या पत्रात कुठेही नाही. त्यांच्याकडे त्याचा त्रास नसतो असे तुम्ही लिहिता. त्रास असतोच, तो सोसवत नाही म्हणून त्या त्याला झोपवतात. त्या चार तासांत त्या जेवत असतील, पाठ टेकत असतील, गुडघ्याला शेक घेत असतील. दिवसभराची त्यांची विश्रांती बहुधा तेवढीच आहे, आणि ती त्यांनी मागून मिळवलेली नाही, कारण तुम्हा दोघांपैकी कोणी त्यांना विचारलेच नाही. तुमचे यजमान रात्री उठतात याचे कौतुक मी करणार नाही. स्वतःच्या मुलासाठी बाप उठतो, यात समजूतदारपणाचा प्रश्न येत नाही. आपल्या आईला हे किती झेपते, हे पाहणे मात्र सर्वांत आधी त्यांचे काम होते आणि ते त्यांनी केलेले नाही.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या बायका कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देत. त्या निर्दय नव्हत्या. घरी मूल पाहायला माणूस नव्हते. जायफळ म्हणजे अफू नव्हे, पण तुमच्या घरातही मुलाची झोप हीच त्याला सांभाळण्याची सोय झाली आहे. त्या बायकांपुढे दुसरा मार्ग नव्हता. तुमच्यापुढे आहे, आणि म्हणून तुमच्याबद्दल मला जास्त चीड येते.

मुलाला पाळणाघरात घाला. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या सुधारणेने बंधनकारक केले आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. उद्या ऑफिसात गेल्यावर मनुष्यबळ विभागाला विचारा की तुमच्या कंपनीचे पाळणाघर कुठे आहे, आणि उत्तर लेखी मागा. जागा स्वतः पाहा, मुलांना तिथे कसे झोपवतात ते विचारा, आणि घुटी, मध किंवा कोणतेही औषध तुमच्या परवानगीशिवाय देऊ नये असे लिहून द्या. मुलगा तुमच्याबरोबर सकाळी येईल, दिवसा तुम्ही त्याला पाजाल, त्याचे रात्रीचे दूध हळूहळू दिवसाकडे सरकेल. घरी आल्यावर आजीने त्याला मांडीवर घ्यावे, गोष्टी सांगाव्यात, गाणी म्हणावीत; दिवसाची राखण त्यांच्याकडे नको.

जायफळ थांबल्यावरचे पहिले काही दिवस कठीण जातील. तो दुपारी कमी झोपेल, चिडेल, संध्याकाळी रडेल. दुपारची झोप फार उशिरापर्यंत जाऊ देऊ नका. रात्री तो उठला तर दिवा लावू नका, गप्पा मारू नका, पाजून परत खाली ठेवा. खेळायला सोबती मिळाला नाही की तीनची ती वेळ हळूहळू सुटते. लहान बाळांच्या झोपेचे चक्र साधारण तासाभराचे असते आणि प्रत्येक चक्राच्या शेवटी ती थोडी जागी होतातच, त्यामुळे एखाददुसऱ्या जागरणासाठी मन घट्ट ठेवा आणि काही आठवडे द्या.

सासूबाईंशी बोलायचे ते तुमच्या यजमानांनी बोलावे, याच रविवारी, तुमच्या समोर. त्यांनी जायफळापासून सुरुवात करू नये. आईचे गुडघे किती दिवसांपासून दुखत आहेत हे आधी विचारावे, अस्थिरोगतज्ज्ञांकडे तिला कोणत्या दिवशी नेणार तेही तिथेच ठरवावे, आणि मग सांगावे की सोमवारपासून तुम्ही दोघे पाळणाघर पाहायला सुरुवात करत आहात.